होयबाचा नकार

विशेष मुलांच्या बारावीच्या वर्गाकडून बाईंनी वर्षभर नोकरीची तयारी करून घेतली होती. टॉवेलच्या घड्या घालणं, वेळेवर पोचणं, फोनवर नीट बोलणं, सगळं झालं होतं. एक गोष्ट मात्र शिकवायची राहून गेली आणि ती बाईंच्या लक्षात आली होयबामुळे.

होयबा ही मुलगी. जाड भिंगांचा चष्मा, बोलणं जरा अडखळत. शिकायला तिला इतरांपेक्षा जास्त वेळ लागे, पण एकदा डोक्यात बसलं की बसलं. कुणी काहीही सांगो, ही आपली "हो" म्हणे, म्हणून पोरांनी तिचं नाव होयबा ठेवलं. ते तिला चालेल का, असं बाईंनी विचारलं, तर तिनं त्यालाही हो म्हटलं.

ती बेकरीत सरावाला गेली, तेव्हा कुणीतरी "हा ट्रे जरा धर गं" म्हणालं आणि खुशाल जेवायला गेलं. बाई पोचल्या तेव्हा ही ट्रे धरून उभीच.

"अगं, खाली का नाही ठेवलास?"

"हो," होयबा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर भलंमोठं 'नाही' लिहिलं.

"समज, मी तिथली जुनी कामगार. तुला म्हणते, माझी पिशवी घरी पोचव. हे तुझं काम आहे का?"

"नाही."

"शाबास. मग मला काय सांगशील?"

"हो."

वर्ग खो खो हसला. चाकांच्या खुर्चीवरचा वकील पुढे सरकला. वाद घालायची भारी हौस म्हणून त्याला वकील म्हणत. "बाई, तुम्ही फारच गोड बोलून मागता. बघा आता." आणि होयबाकडे वळून त्यानं हात पुढे केला. "ए, तुझा डबा दे इकडे. सगळा."

होयबानं डबा छातीशी धरला. "नाही!"

स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली. मग चष्म्याआडचे डोळे लकाकले. तिला गंमत कळली होती.

त्यानंतर काही धडगत राहिली नाही. नकाराची साथच आली वर्गात. मुख्याध्यापक दारात येऊन म्हणाले, "जरा हॉलमध्ये खुर्च्या मांडायला चला रे." अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "नाही!" आणि वकिलानं वर पुस्ती जोडली, "मी माझी खुर्ची घेऊनच आलोय." मुख्याध्यापकांनी बाईंकडे असं पाहिलं, की बाईंना फळ्यामागे लपावंसं वाटलं.

संध्याकाळी होयबाच्या आईचा फोन. "काय शिकवून ठेवलंत हो बाई? भांडी आवर म्हटलं, नाही. मामा आला, नेहमीसारखा गालगुच्चा घ्यायला गेला, तर म्हणते कशी, 'नाही, दुखतं.' तो बिचारा तोंड पाडून बसलाय."

"दुखत असेल ना पण."

"दुखत असेल खरं," आई हळूच म्हणाली. "पण भांड्यांचं काय?"

मग बाईंनी नवा पाठ घेतला: कशाला हो म्हणायचं, कशाला नाही, आणि नाही म्हणताना कारण कसं सांगायचं. भांड्यांवरून होयबानं बराच वाद घातला, शेवटी कशीबशी कबूल झाली.

पुढच्या महिन्यात ती एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात सरावाला लागली. घड्या घातलेले टॉवेल पिशवीत भरायचे, एवढंच काम. तिथल्या मुकादमीण बाई आडव्या बांध्याच्या, आवाज यंत्रांवर मात करणारा. शेवटच्या दिवशी त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

"पोरगी चोख आहे तुमची. कायमची ठेवून घेते. काय गं, पिशव्या भरायला येशील ना रोज?"

बाईंचा ऊर भरून आला. रुमाल काढायला त्यांनी पर्समध्ये हात घातला.

"नाही," होयबा म्हणाली.

हात पर्समध्येच राहिला. "अगं, असं काय करतेस? इथं हो म्हणायचं असतं!"

"पिशव्या नको. कंटाळा येतो." तिनं पलीकडच्या अजस्र इस्त्रीयंत्राकडे बोट केलं. एकीकडून दोघी जणी ओली चादर आत सोडत होत्या, दुसरीकडून ती कडक होऊन बाहेर येत होती. "मला ते पाहिजे."

"ते तापतं, बाळा. तुला नाही जमणार," बाई चटकन म्हणाल्या. म्हटलं आणि त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. वर्षभरात त्यांनी तिला टॉवेलच्या घड्यांपुढे जाऊच दिलं नव्हतं.

"शिकवा," होयबा बाईंना नाही, मुकादमीण बाईंना म्हणाली.

मुकादमीण बाई कमरेवर हात ठेवून तिला न्याहाळत राहिल्या, मग खदाखदा हसल्या. "मीसुद्धा पिशव्यांना कंटाळूनच तिथं गेले होते. चल. पण मी सांगेन तिथंच हात लावायचा. कबूल?"

"हो!"

चादरीचं एक टोक मुकादमीण बाईंनी धरलं, दुसरं होयबानं. पहिली चादर आत गेली ती वाकडी आणि बाहेर आली ती सुरकुतलेली. होयबानं ती दोन्ही हातांनी वर धरली, भिंगांतून निरखली आणि हसतहसत परत टोपलीत टाकली. दुसरीच्या वेळी बाईंना राहवेना, त्या टोक धरायला धावल्या.

"बाई, तुम्ही बाजूला व्हा," होयबा म्हणाली. "आम्हाला दोघींना जागा लागते."

बाई मुकाट्यानं भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.