रिकाम्या बाकाचे जंत

धुरीबाबाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. रुग्णाला बाकावर बसवायचे, शेगडीतल्या निखाऱ्यांवर मूठभर बिया टाकायच्या, शेजारी पाण्याचे भांडे ठेवायचे आणि सर्वांवर चादर पांघरायची. धूर ओसरला की पाण्यावर पांढरे जंत तरंगत. आज आठ वर्षांच्या एका मुलीची तिसरी धुरी होती.

"सत्तावीस निघाले," बाबा म्हणाला. "आता गोळीचं नाव काढाल, तर आतली राणी खवळेल."

गर्दीत उभ्या असलेल्या मुलीच्या मावशीच्या मस्तकात तिडीक उठली. ती कृमिरोगाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर काम करी. तीन देशांतील संशोधक ज्या रोगाचा माग काढत होते, तोच या मुलीच्या लघवीतून रक्त होऊन वाहत होता. त्या रोगाच्या जंतांची अंडी मावशीने तिच्या लघवीत स्वतः पाहिली होती. मुलीच्या आईने, म्हणजे ताईने, मात्र मावशीने दिलेल्या गोळ्या परत केल्या होत्या.

"ताई, ते जंत रक्तवाहिन्यांत असतात गं. धुराने कसे निघतील?"

"तुझी काच तुला, माझे डोळे मला. सत्तावीस मोजलेत मी."

मावशीने दोन जंत कुपीत घेतले. भिंगाखाली ना तोंड, ना आतडे. विटा रचाव्यात तशा पेशी. छायाचित्रे या कामातल्या दोन्ही परदेशी प्रयोगशाळांना गेली. दोघींनी एकमेकींना न विचारता एकच उत्तर धाडले: हा प्राणी नव्हे, बीमधला अंकुर.

कागद दाखवून ताई वळणार नव्हती. पण मावशीला प्रयोगशाळेतली रीत आठवली: तपासणाऱ्याची पारख करायला नमुन्यांच्या प्रत्येक पेटीत संशोधक नमुना नसलेली एक कोरी काच मुद्दाम घालत. तिच्यावरही ज्याला अंडी दिसत, त्याची सारी मोजणी रद्द होई.

पुढच्या धुरीला मावशीने भाचीला बाकावरून उठवले. "बाबा, आज चादर नुसत्या बाकावर घाला."

"बाकाला काय रोग झालाय?" बाबा हसला.

"घाला की," मागून एक शिंपी म्हणाला. "बाक कुठे नाही म्हणतोय?"

"धुरीची थट्टा केली की घर बसतं," बाबाने हात आखडता घेतला.

तेव्हा ताईनेच पुढे होऊन बिया निखाऱ्यांवर टाकल्या. चादरीआड तडतड झाली. तिने चादर उचलली, भांड्यावर वाकली आणि मोजू लागली.

"एकतीस," ती म्हणाली.

उष्णतेने बी फुटते आणि तिचा पांढरा अंकुर पाण्यात उडतो; बाबाची सारी विद्या एवढीच.

"गोळ्या आहेत अजून?" ताईने खालमानेने विचारले.

"आहेत. आजच द्यायच्या."

गोळीने जंत मरतील. पण त्या लेकराचे इतक्या दिवसांचे रक्त या माणसाने हसत हसत वाहू दिले, त्याला क्षमा नाही. सुजनहो, चमत्कारापुढे हात जोडण्याआधी बाक रिकामा करून पाहा.