दाताची तीन चित्रं

रेगुला कापसाचा बोळा थुंकीने ओला करी आणि चित्रावरून हलकेच फिरवी. हॉटेलच्या जेवणघरातला शंभर वर्षांचा चिरुटांचा धूर काढायला त्याहून सौम्य काही नव्हतं. धूर गेला तशी चित्रातल्या डोंगराच्या सुळक्यावरची चीर दिसली. केसासारखी बारीक.

सुळक्याला वरच्या वाडीतले लोक नुसतं 'दात' म्हणत. रेगुला काम करायची त्या दरीच्या म्युझियममध्ये त्याची तीन तैलचित्रं होती: १८६१, १८९८ आणि १९३४ सालची. तिन्ही एकाच जागेवरून काढलेली. हॉटेल तिच्या पणजोबांचं; त्यांनी कुरणातल्या एका दगडाला तीन भोकं पाडून घेतली होती, चित्रकाराचं चित्र टेकवायच्या लाकडी घोडीचे पाय रोवायला. रेगुलाने कंपास लावून मोजलं. चर्चचा मनोरा तिन्हींत तेवढाच होता. चीर मात्र दुसऱ्या चित्रात चौपट होती आणि तिसऱ्यात दहापट.

दाताच्या बरोबर खाली तिच्या भावाचं, बाल्झचं घर होतं. तिने त्याला फोन केला.

"तू, ओटिलियावहिनी आणि गुरं, आजच खाली या."

"अगं, ते चित्रकार पणजोबांच्या हॉटेलात फुकट जेवायचे! डोंगर जितका भयंकर, तितकी वाइन जास्त."

"मग मनोरा का नाही वाढवला त्यांनी?"

"मनोऱ्याला कोण घाबरतं?"

"छपरावर खडे पडतात म्हणाला होतास."

"दर शरदात पडतात. तुझा तो भूगर्भवाला कधी येतोय?"

"सोमवारी."

"मग सोमवारी बघू."

तो गुरुवार होता.

शुक्रवारी सकाळी ती वर गेली. दगडाच्या भोकांत घोडी रोवून तिने काच बसवली, काचेसमोर भोक पाडलेला पत्रा. दुपारी तिने बाल्झला बोलावून आणलं, तेव्हा काचेवर मनोरा, धार आणि दात रेघांनी काढलेले होते. तो हसत वाकला आणि भोकाला डोळा लावला.

"अहो म्युझियमवाल्या बाई, मनोरा बरोबर बसलाय, मागची धारही बसलीय. दाताची रेघ तेवढी चुकलीय. जुन्या चित्रावरून गिरवल्यावर दुसरं काय होणार?"

"चित्रावरून नाही गिरवली."

"मग?"

"आज सकाळी आठ वाजता, इथेच बसून. समोरचा डोंगर बघून."

चर्चच्या घड्याळात तीन वाजले होते. बाल्झने पुन्हा डोळा लावला. वरून एक खडा निखळला. तो घरंगळत खाली येईपर्यंत दोघं ऐकत राहिली.

"ओटिलियाला बाहेर काढ," तो हळू आवाजात म्हणाला. "मी गोठा उघडतो. गाईंच्या घंटांत गवत कोंबायला हवं, आवाजाने वरचं काही सुटायला नको."

अकरा गाई मुक्या घंटांनी उतारावरून निघाल्या. रेगुला शेवटी निघाली. जाता जाता तिने भोकाला डोळा लावला. रेघ आणि दात यांच्यामध्ये आता नखाएवढं आकाश होतं.