अर्डिथला कपडे चढवताना

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता अर्डिथ सोरेनसन यांच्या पार्थिवाला मॉर्मन मंदिरातले पांढरे कपडे चढवायला वॉर्डातल्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या स्थानिक मंडळीतल्या, दोन बायका मयतघरी पोचल्या. अर्डिथची मुलगी मारेन दाराशी उभी होती. तिला आत जायची परवानगी नव्हती.

कारण सगळ्या एफ्रेम गावाला ठाऊक होतं. आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा अधिकार बायकांनाही हवा, असं मारेन उघडपणे बोलत आणि लिहीत आली होती. वॉर्डाचे प्रमुख असलेल्या बिशपांनी थांबायला सांगितलं, ती थांबली नाही. दोन वर्षांपूर्वी पुरुषांच्या बैठकीत तिचं चर्चचं सभासदत्व काढून घेतलं गेलं. त्याबरोबर मंदिरप्रवेशाचं कार्डही गेलं. मॉर्मन बाईला शेवटचे कपडे चढवायचे ते कार्ड असलेल्या बायकांनीच, अशी इथली रीत.

अर्डिथना मुलीचं म्हणणं कधी पटलं नाही. पण आजारपणात त्या म्हणाल्या होत्या, "मला कपडे तूच घाल. परक्या हातांनी गुदगुल्या होतात."

"सिस्टर जॉर्गनसन, मला आत येऊ द्या," मारेन म्हणाली. चर्चमध्ये सगळ्याच बायकांना सिस्टर म्हणत.

वेर्ला जॉर्गनसन वॉर्डातल्या स्त्रियांच्या प्रमुख आणि अर्डिथच्या शाळेपासूनच्या मैत्रीण. त्यांनी कपड्यांची पिशवी छातीशी धरली. "पोरी, माझ्या हातात असतं तर..."

"तुम्हाला तर पुरुषांची कामं हवी होती ना?" सोबतची ब्रिन्ली म्हणाली. ती बिशपांची सून. "हे तर बायकांचं काम."

"म्हणूनच मागतेय. एवढं एक आपल्याकडे होतं, त्यालाही तुझ्या सासऱ्यांना विचारावं लागतं."

दार बंद झालं. थोड्या वेळाने ते वेर्लांनीच उघडलं. अर्डिथ अंगाने भारी. दोघींना त्या उचलवत नव्हत्या.

"तू आईला उचलून धर," वेर्ला म्हणाल्या. "कपड्यांना हात लावू नकोस."

मारेनने आईच्या खांद्यांखाली हात घातले. पाठ थंड आणि कडक होती. बाह्या चढल्या, झगा खाली ओढला गेला, पण मारेन कपड्यांना न शिवता आईला धरून राहिली. शेवटी कमरेची गाठ राहिली. वेर्लांची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. फीत दोनदा निसटली. ब्रिन्लीने तिसऱ्यांदा बांधली, तीही सुटली.

"घट्ट नको," मारेन म्हणाली. "बटाटे खाऊन पोट फुगलं की ती कुरकुरायची."

वेर्लांना हसू फुटलं आणि लगेच रडू आलं. त्या बाजूला सरकल्या. "बांध तू."

मारेनने गाठ बांधली. ब्रिन्ली भिंतीकडे पाहत होती.

शनिवारी अंत्यविधीआधी बिशपांनी वेर्लांना चर्चच्या बोळकांडात गाठलं. सुनेने रात्री त्यांना सगळं सांगितलं होतं.

"मलाही वाईट वाटतंय," ते हळू आवाजात म्हणाले. "पण ती गाठ सोडून पुन्हा बांधा. योग्य हातांनी."

"मेलेल्या बाईला काय फरक पडतो, बिशप?"

"तिलाच पडतो, सिस्टर. पलीकडे तिला याच कपड्यांत उभं राहायचंय."

वेर्ला शवपेटीच्या खोलीत एकट्याच गेल्या. बाहेर मारेन खिडकीशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

वेर्ला बाहेर आल्या. "झालं," त्या बिशपांना म्हणाल्या. मारेनकडे त्यांनी पाहिलं नाही. मग अर्डिथच्या चेहऱ्यावर डोक्यावरच्या पांढऱ्या वस्त्राचा पदर ओढला गेला आणि पेटीचं झाकण बंद झालं.

दफनभूमीवर वारा बोचरा होता. वेर्लांचा कोट उघडाच फडफडत होता. मारेन दूर, मोटारींच्या रांगेपाशी उभी होती. ब्रिन्ली वेर्लांजवळ गेली.

"सिस्टर, गारठाल ना! बटणं का नाही लावली?"

"लागत नाहीत गं मला. सकाळी शेजारीण लावून देते."

ब्रिन्ली बटणं लावू लागली. अर्ध्यावर तिचे हात थांबले. गाठ वेर्लांनी एकटीने पुन्हा बांधली, असं सासऱ्यांनी तिला मघाशी सांगितलं होतं. तिने वेर्लांच्या बोटांकडे पाहिलं, मग कबरीपाशी प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या सासऱ्यांकडे. वेर्ला समोर पाहत होत्या. ब्रिन्लीने उरलेली बटणं लावली.

आज बुधवार आहे. ब्रिन्ली घरी अजून काही बोललेली नाही. येत्या रविवारी बिशपांनी वेर्लांना भेटायला बोलावलं आहे. कशासाठी, ते कळवलेलं नाही.