नावातली मोकळी जागा

त्या सोमवारी अष्टमी होती. उपोसथाला, म्हणजे बौद्धांच्या व्रताच्या दिवशी, मी विहारात बसते आणि वंदना झाल्याशिवाय मशीन उघडत नाही. अकोल्यातल्या घरी परतून टेबलाशी बसले तेव्हा दहा वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. मेल पहाटे चारलाच येऊन पडला होता.

कुणी अनोळखी माणसानं लिहिलं होतं, 'तुमच्या झाडूची नवी आवृत्ती घेतली. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असली तर तो भलताच फोल्डर पुसतो. माझं तीन दिवसांचं काम गेलं.'

झाडू हे मी लिहिलेलं छोटं साधन. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप केली की सांगितलेल्या फोल्डरातल्या तात्पुरत्या फायली पुसून टाकतं. फुकट आहे, कुणीही उतरवून घ्यावं. दुरुस्त्या तेवढ्या माझ्याकडे. शुक्रवारी जुन्या ओळी नीटनेटक्या करताना मी फोल्डरच्या नावाभोवतीची दोन अवतरणचिन्हं काढून टाकली होती. मला ती उगाच वाटली. ती नसली की दोन शब्दांचं एक नाव झाडूला दोन नावं वाटतात. मी स्वतः फोल्डरच्या नावात जन्मात कधी जागा सोडली नाही, म्हणून माझ्या चाचण्या सगळ्या पास.

बिचारा, असं मनात आलं. नावात जागा ठेवतं तरी कोण?

आणि मग आठवलं. अंजनगाव सुर्जी.

माझा मावसभाऊ सुगत अमरावतीच्या एका संस्थेचे संगणक सांभाळतो. संस्था सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या लेकरांच्या नोंदी ठेवते. अंजनगावच्या केंद्रात मूळ नोंदी 'अंजनगाव' या फोल्डरात, आणि रोजची नक्कल 'अंजनगाव सुर्जी' या फोल्डरात. त्यानंच मला कौतुकानं दाखवलं होतं. रोज अकरा वाजता झाडू आधी कालची नक्कल पुसतो, मग नवी नक्कल तयार होऊन अमरावतीला जाते. आज तो नाव वाचेल, पहिल्या शब्दाशी थांबेल आणि मूळ फोल्डर पुसेल; मग त्या रिकाम्याचीच नवी नक्कल जुनीवर चढेल.

तिथली इंटरनेटची लाइन बारा दिवस बंद होती, रविवारी संध्याकाळी सुरू झाली. म्हणजे माझी नवी आवृत्ती आपोआप उतरलेली, आणि बारा दिवसांच्या नोंदी अजून अमरावतीला गेलेल्या नाहीत. त्यात दीक्षा नावाची मुलगी होती. नऊ वर्षांची. मागच्या खेपेला रक्त चढवताना तिला हुडहुडी भरली, लघवी लाल झाली. कोणतं रक्त तिला चालत नाही, ते तपासून फोनवर कळलं आणि सुगतनं नोंदवून ठेवलं; कागद यायचा होता. तिला आज दुपारी पुन्हा रक्त चढवायचं होतं. नोंदच नसली तर कुणी विचारणारही नव्हतं. ही गोष्ट दर वेळच्या तपासणीत दिसतेच असं नाही, हे सुगतनंच सांगितलं होतं.

सुगतला लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तो गाडीवर अंजनगावच्याच वाटेला असणार. त्या मशीनमध्ये दुरून शिरायचा पासवर्ड त्याच्याचकडे.

केंद्राचा नंबर शोधण्यात वीस मिनिटं गेली.  दहा सत्तेचाळीसला फोन उचलला लीलाबाईंनी. केंद्रात रांग लावणं, केसपेपर काढणं त्यांच्याकडे, असं सुगत सांगायचा.

"लीलाबाई, मी संध्या, अकोल्यावरून. खोलीतला कॉम्प्युटर बंद करा. आत्ताच."

"काय? आयकू नाई येत. मोठ्यानं बोला न माय, बिमाराजवळ बसल्यावानी काय बोलता!"

मी ओरडले. आयुष्यात इतक्या मोठ्यानं बोलले नसेन.

"कॉम्प्युटर बंद? काहून?" त्यांचा आवाज बदलला. "हे पाय बाई, गेल्या मयन्यात आमच्या नत्थुजीले असाच फोन आला होता. हे दाब, ते दाब. सारं खातं धुऊन नेलं त्याचं. मी नाई दाबत."

"मी सुगतची मावसबहीण आहे हो."

"त्याले पोलीस म्हनत होते, मले बहीन म्हनतेत. सुगतसायबानं सांगतलं का तुमाले? हो का नाई, तेवढं सांगा."

हो म्हटलं की काम होत होतं. एक अक्षर. घड्याळात दहा त्रेपन्न. खोटं बोलणार नाही, हे सकाळीच हात जोडून म्हणून आले होते; पण तेव्हा खरं सांगते, शीलाचा विचार मी केलाच नाही. मला नुसती भीती वाटली, की हो म्हणेन आणि माझा आवाज कापेल, आणि ही बाई फोन ठेवेल.

"नाही," मी म्हटलं. "त्याला माहीतच नाही. चूक माझी झाली. मी बनवलेली वस्तू त्या मशीनमध्ये आहे. अकरा वाजता ती लेकरांच्या नोंदी पुसणार. दीक्षाची पण."

पलीकडे रांगेचा गलका. एक मूल रडत होतं.

"दीक्षा? सुंदराबाईची नात? हे काय, बाकड्यावर बसली हाय." मग हळू आवाजात, "थांबा."

पावलं. खटका.

"भितीवरचं बटन बंद केलं. पन बाई, डबडं तं चालूच हाय. खालून चिंचीं करून राह्यलं!"

यूपीएस. मी विसरलेच होते. दहा अठ्ठावन्न.

"टेबलाखाली काळी पेटी आहे, लीलाबाई. तिचं बटण दाबून धरा. सोडू नका."

"अंधार हाय. कोळ्याचं जाळं... हे का? दाबलं."

चिंचीं. चिंचीं. मी मोजत होते, काय मोजत होते ते आठवत नाही. मग आवाज तुटला.

"मेलं वाटते," लीलाबाई म्हणाल्या. "आता सायेब मले वरडले तं तुमी निस्तरजा."

साडेअकराला केंद्रात पोचून सुगतनं फोन केला; मी सगळं सांगितलं. त्यानं मशीन चालू करून आधी झाडू काढून टाकला. नोंदी जिथल्या तिथं होत्या. दीक्षाची वाचून दाखव म्हटलं, त्यानं दाखवली. 

बारा वाजून गेले, उपोसथाचं जेवण राहिलं; त्या दिवशी बारानंतर जेवत नाहीत. मी दोन चिन्हं जागेवर ठेवली. जाहीर सूचना लिहिली, पहिलंच वाक्य: चूक माझी आहे, शुक्रवारची आवृत्ती चालवू नका. मग किती जणांनी उतरवली ते पाहिलं. चार हजार एकशे सहा. त्यांची नावं मला माहीत नाहीत, फोन नंबर नाहीत.

खिडकीशी बसून मी गावं आठवू लागले. चांदूर बाजार. नांदगाव खंडेश्वर. धामणगाव रेल्वे.