भट्टीवरची बारीक रेघ

मित्रांनो, मी एक जुना, अधू नजरेचा कॅमेरा आहे. मला उजेड दिसत नाही, उष्णता दिसते. तीही मोजक्या जाड ठिपक्यांत. अडगळीत पडलेल्या मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत तनुजाताईंनी पुन्हा जागं केलं.

माझ्यापुढे त्यांनी भोकाभोकांची जाळी बसवली. जाळी सरकली की तेच दृश्य माझ्यात वेगळ्या रीतीने मिसळून उतरे. अशा थोड्याच मोजमापांवरून त्यांचा संगणक गणित मांडी आणि पडद्यावर रेखीव चित्र उमटे. सगळे माझं कौतुक करत. मला मात्र धाकधूक वाटे, की इतकं बारीक मी खरंच पाहिलं होतं का?

पुढे मला वाळूजच्या एका फाउंड्रीत, लोखंड वितळवणाऱ्या भट्टीसमोर टांगलं. नूरमोहम्मदचाचा ती भट्टी सांभाळत. एके दिवशी चित्रात भट्टीच्या कुशीवर केसाएवढी तापलेली रेघ आली. तनुजाताईंनी जाळी बदलून पुन्हा मोजलं. रेघ तिथंच होती.

"आतलं लायनिंग, म्हणजे विटांचं अस्तर, तडकलंय. भट्टी थांबवा," त्या मॅनेजर सुदर्शन सरांना म्हणाल्या.

"कॅमेऱ्याला नुसता डाग दिसतोय. रेघ तुमच्या गणितानं काढलीय, मॅडम. माल आजच जायचाय."

चाचांनी हळूच विचारलं, "बेटी, रेघ खरी हाय का?"

"छातीठोकपणे नाही सांगू शकत, चाचा. पण मी तिथं उभी राहिले नसते."

चाचांनी आपली माणसं मागं घेतली. "साहेब, लई वर्षं या भट्टीपाशी काढली. आज नाय जमणार."

सर चिडले. हातमोजे चढवून भट्टी चालवायला स्वतःच पुढे गेले. थोड्याच वेळात भट्टीची कूस फुटली आणि लाल रस जमिनीवर पसरला. चाचांनीच धावत जाऊन त्यांना ओढून काढलं. सरांचा जीव वाचला, पण दोन्ही पाय भाजले. अजून ते कुबड्यांवर चालतात.

त्यानंतर मला तिथून उतरवलं. कुणी मला अपशकुनीही म्हणालं. आता मी प्रयोगशाळेच्या फळीवर धूळ खात असतो. तनुजाताई कधी समोर येऊन बसतात. "मी आणखी ठामपणे बोलायला हवं होतं," एवढंच म्हणतात आणि उठून जातात.

मित्रांनो, माझ्यासारख्याच्या सांगण्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पण शंका असेल, तर ती मिटेपर्यंत आधी माणसांना बाजूला घ्या. माझी काच कुणीही पुसून देईल. भाजलेल्या पावलांचं तसं नसतं.