भिंतीवरचा त्याग

वाचनालयाच्या मोठ्या भिंतीवर तीन रूपकं काढायची होती: ज्ञान, श्रम आणि त्याग. ग्रंथपालबाईंनी तसं कागदावर लिहूनच दिलं होतं. असली कामं म्हणजे चित्रकाराच्या हातचा मळ. चेहरे मात्र तो मनाने काढत नसे, घरातलेच घ्यायचा. ज्ञानाला त्याने बायकोचा चेहरा दिला, कारण घरात शेवटी तिचंच म्हणणं खरं ठरतं. श्रमाला जावयाचे खांदे दिले. जावईबापू जेवल्यावर स्वतःचं ताटही उचलत नाहीत, पण खांदे काय झकास आहेत. आणि त्याग म्हणजे थोरली बहीण, ताई, यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

रंग वाळले की खाली नाव लिहिण्याआधी तो ताईला बोलावून चित्रासमोर उभी करायचा. ही त्याची जुनी पद्धत. ताई सातवीपर्यंत शिकलेली, पुढे सगळा जन्म शिवणाच्या दुकानात गेलेला. तिला न सांगता कळलं तर चित्र पास. नावावाचून ओळखू येत नाही ते रूपकच नाही, असं तो ठणकावून सांगत असे.

उद्घाटन परवावर आलं होतं. ताई दुपारी आली, चष्मा पुसला आणि भिंतीकडे बघू लागली.

"दिवा आणि पुस्तक. हे ज्ञान. पण तुझ्या बायकोचं नाक इतकं सरळ कधी झालं?"

"पुढे बघ."

"हातोडा, घाम. श्रम. जावयाला दाखवू नकोस, उगाच शेफारेल." मग ती तिसऱ्या चित्रापाशी थांबली. खाली मान घातलेली, डोळे भरून आलेली एक बाई हातात जळती मेणबत्ती धरून उभी होती. "ही कोण? लाइट गेलेत का हिच्याकडे?"

चित्रकाराचा चेहरा पडला. "ताई, ती तू आहेस. मेणबत्ती स्वतः जळते आणि दुसऱ्याला उजेड देते. त्याग आहे तो."

"कसला त्याग?"

आता हे काय विचारायचं झालं? "मला चित्रं शिकता यावीत म्हणून तू शाळा सोडलीस. मशीनवर बसलीस. मला रंग आणून दिलेस."

ताई शेजारच्या बाकावर टेकली. "कोणी सांगितलं तुला हे?"

"आई सांगायची. सगळ्यांना सांगायची."

"आई काय, शेजारणींसमोर सांगायला बरं दिसायचं म्हणून सांगायची. अरे, गणिताच्या तासाला मी पाणी प्यायच्या निमित्ताने पळून जायचे. शाळेतून काढा म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते. दुकानात पहिल्यांदा कात्री हातात धरली आणि वाटलं, सुटले बाई. रंग आणले हे खरं. हातात पैसे खुळखुळायला लागले होते आणि रंग बघून तू वेडा व्हायचास, ते बघायला मला मजा यायची. यात मी जळले कुठे?"

पन्नास वर्षं चित्रकाराने हे ओझं वाहिलं होतं, आणि आता त्याची मालकीणच म्हणत होती की ते तिचं नाही. त्याला हलकंही वाटलं आणि फसवल्यासारखंही वाटलं.

"म्हणून तू माझ्याशी कधी भांडला नाहीस होय?" ताईचा आवाज उतरला. "मी काहीही बोलले तरी तू आपला मान हलवणार. बायकोशी भांडतोस, मुलीशी भांडतोस. मला वाटायचं, मीच याला परकी." ती उठली. "हे पुसून टाक, छोट्या. ही रडूबाई भिंतीवर असेल तर मी परवा येणार नाही."

ती खरंच येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि ती नसेल तर उद्घाटनाला अर्थ काय होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वही घेऊन तिच्या दुकानात जाऊन बसला. ताईने टेबलावर निळं कापड अंथरलं, खडूने रेघ मारली आणि जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात दाबून कात्री चालवायला घेतली. भाऊ समोर बसलाय हे ती दोन मिनिटांत विसरली. इतक्या वर्षांत त्याने तिचा हा चेहरा कधी नीट पाहिलाच नव्हता.

संध्याकाळपर्यंत भिंतीवरची मेणबत्ती गेली, मान वर आली, हातात कात्री आणि पुढ्यात निळं कापड आलं. ग्रंथपालबाई कागद घेऊन धावत आल्या. "अहो, आपलं त्याग ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं. पण तुम्ही नुसतं बघा आणि काय दिसतं ते सांगा."

बाई बघत राहिल्या. कागद त्यांनी हळूच पर्समध्ये ठेवला. "हिला आत्ता कोणी हाक मारू नये असं वाटतंय," त्या म्हणाल्या. चित्रकाराने खाली लिहिलं: हौस.

ताई उद्घाटनाला आली, इस्त्रीचे कपडे घालून, सगळ्यांच्या आधी. चित्राच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. तो मागे श्वास रोखून थांबला.

"अंगठा चुकलाय," ती म्हणाली. "अशी कात्री धरली तर कापड फाटेल."

त्याची मान सवयीने हलणार होती. "काही चुकलेला नाही," तो म्हणाला. "तुला चित्रातलं काय कळतं?"

ताई गर्रकन वळली. "मला कळत नाही? मला?" आणि दोघं भर समारंभात, पाहुण्यांसमोर, कडाकडा भांडले. ग्रंथपालबाई घाबरून मध्ये पडायला निघाल्या, पण ताईचा चेहरा भिंतीवरच्यासारखाच रंगून गेलेला बघून जागीच थांबल्या.