कोर्टात अहो-जाहो

ओडेसा ट्रिंबल जज झाल्या, त्याआधी ओहायोतल्या आमच्या गावात एकाही काळ्या बाईने न्यायाधीशाचा झगा घातला नव्हता. मी त्यांचा बेलिफ, कोर्टात शिस्त राखणारा शिपाई, त्यांच्यासारखाच काळा. तोवर त्या कोर्टात काळा माणूस म्हणजे एकतर आरोपी, नाहीतर झाडूवाला.

सुरुवातीच्याच दिवसांत हॅल्डेन वकील उभे राहिले. गोरे, गावात वजन असलेले, जजलोकांबरोबर मासे पकडायला जाणारे. साक्षीला होत्या लुवेनिया पेटवे. लाँड्रीत इस्त्री करून मुलं वाढवलेली विधवा, चर्चला जातानाची ठेवणीतली टोपी घालून आलेली. ऐन थंडीत घराबाहेर काढलं म्हणून त्यांनी घरमालकावर दावा लावला होता; हॅल्डेन त्या मालकाचे वकील.

"हं, लुवेनिया, कुठे राहतेस तू?" हॅल्डेननी विचारलं.

"मिसेस पेटवे," जजबाई म्हणाल्या. "आणि अहो-जाहो करा."

हॅल्डेन हसले. "बाई, मी आयुष्यभर असंच विचारत आलोय. कुणाचं काही बिघडलं नाही."

"तुमच्या अशिलाला काय म्हणता?"

"मिस्टर क्रेग."

"मग ह्या मिसेस पेटवे. विचारा."

ते वळले. "तर लुवेनिया, भाडं..."

जजबाईंनी पेन खाली ठेवलं. "मिस्टर सटल्स, वकीलसाहेबांना कोठडीत न्या. नाव आठवलं की परत आणा."

गोऱ्या वकिलाच्या दंडाला हात मी लावायचा? माझ्या काकाला अलाबामातून याहून कमी कारणासाठी पळावं लागलं होतं. पण जजबाईंनी मलाही मिस्टर म्हटलं होतं. मी गेलो, दंड धरला.

दुपारी हॅल्डेन परतले. दात आवळून म्हणाले, "मिसेस पेटवे, आपण कुठे राहता?"

"राहत होते क्लोव्हर स्ट्रीटला," त्या म्हणाल्या. "तुमच्या मिस्टर क्रेगनी सामान बर्फात फेकेपर्यंत."

दावा पेटवेबाईंनी जिंकला. मग जजबाईंना मुख्य न्यायाधीशांचं बोलावणं आलं. दार उघडंच होतं, मी बाहेर उभा.

"ओडेसा, हॅल्डेनची माफी मागून टाक. विषय मिटेल."

"ओडेसा मला माझी आई म्हणते. माफी मागणार नाही."

पुढच्याच सोमवारी आमचं कोर्ट तळघरात गेलं, बॉयलरशेजारी. काम काय, तर गाड्यांचे दंड. मी कुरकुरलो. त्या म्हणाल्या, "झगा तोच आहे ना? मग चला."

तिथेही नियम तोच. दारू पिऊन गाडी ठोकणाऱ्याला दंड पुरता व्हायचा, पण मिस्टर म्हणून. खटला नसलेली माणसंही जेवणाच्या सुट्टीत येऊन मागे बसायची, नुसती ऐकायला.

आमच्याकडे जजही लोकांच्या मतांवर निवडून येतात. निवडणूक आली. वकिलांच्या संघटनेने त्यांना नालायक ठरवलं. त्या चर्चमध्ये, न्हाव्याच्या दुकानांत, कारखान्याच्या फाटकावर गेल्या. एका गोऱ्या कामगाराने विचारलं, "वकिलाला आत टाकलंत म्हणे?"

"टाकलं. पुन्हा टाकेन."

तो हसला, हात पुढे केला.

थोड्या मतांनी का होईना, निवडून आल्या. मुख्य न्यायाधीशांनी निरोप धाडला, जरा नमतं घ्या, वरची खोली देतो. जजबाई म्हणाल्या, "खोली हवी आहे. अट नको." खोली मिळाली ती ते निवृत्त झाल्यावर. तोवर आम्ही बॉयलरशेजारीच बसलो, आणि तिथून दिलेला निकाल कुणाला कमी लागू झाला नाही.